भिंतीवरचं शहर आणि त्याची बारावी वेस

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या ख्रिस्ती मंडळीचं प्रार्थनाघर होतं. पत्र्याचं छप्पर, शहाबादी फरशी आणि समोर बिनखिडकीची एक लांब भिंत. त्या घराची झाडलोट मी एकोणीस वर्षं केली. त्याबद्दल पाठीमागची खोली मला राहायला होती. भिंतीला कायम ओल यायची. चुना मारला की दोन महिन्यांत पोपडे. नव्वद सालाच्या आसपास पंचांनी ठरवलं की या भिंतीवर स्वर्गातलं नगर रंगवून घ्यायचं. तेलरंगाखाली ओल झाकेल आणि लोकांना उपदेश ऐकताना बघायलाही काही राहील.

चित्र फारसं चांगलं झालं नाही. पण त्या चित्रावरून मी भांडले. आयुष्यात लोकांशी म्हणून मी भांडले ते तेवढंच. कारण माझा मुलगा होता, म्हणून आधी त्याचं सांगते.

तो रंग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. कपड्यांना लागतो तो रंग. त्याचे हात कोपरापर्यंत कधी लाल, कधी निळे असायचे, आणि साबणानं जायचे नाहीत. वालधुनीच्या पुलावरून जाताना पाण्याकडे बघून तो म्हणायचा, "बघ आई, आज आमचा हिरवा गेला." मग कारखाना बंद पडला. पहिले काही महिने सगळे कामगार फाटकासमोर सतरंजी टाकून बसत. हळूहळू सतरंजीवरची माणसं कमी झाली. सून माहेरी गेली ती परत आली नाही. तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. मुलगा मात्र बसूनच राहिला, आधी फाटकावर, मग घरात. एका सकाळी त्यानं स्वतःच्या हातानं जीव दिला. कसा, ते मी सांगणार नाही. लोकांनी ते तेव्हा पुष्कळ चघळलं.

मयत खोलीत होतं आणि पंच प्रार्थनाघरात बैठक घेत होते. मधे एकच भिंत, तीच ती भिंत. मला सगळं ऐकू येत होतं. तासाभरानं त्यांनी निर्णय सांगितला. कबरस्तानात जागा मिळेल, पण मागच्या टोकाला, नाल्याच्या कडेला. घंटा वाजणार नाही. शवपेटी आत आणायची नाही. पाळकसाहेब उपासना करणार नाहीत. कबरेवर क्रूस लागणार नाही.

सांगायला मुख्य पंच आले. ते तीस वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर होते. निवृत्त झाले तरी सगळे त्यांना टाइमकीपरसाहेबच म्हणत.

"बाई, ठरवणारे आम्ही कोण?" ते म्हणाले. "पण देवानं दिलेलं ज्यानं फेकून दिलं, त्याला स्वर्गाची वेस बंद. हे आपलं पूर्वीपासूनचं आहे."

मुलाला त्याच्या कारखान्यातल्या चौघांनी उचललं. त्यांच्यातला एकही आमच्या मंडळीचा नव्हता. खड्डा भरला आणि आम्ही परत आलो. कोणी एक शब्द म्हटला नाही, कारण काय म्हणायचं ते त्या चौघांना माहीत नव्हतं आणि मला सुचलं नाही.

त्यानंतर तीन वर्षं मी एकच गोष्ट मागत होते. पुस्तक उघडून, पाळकाचा पांढरा झगा घालून, कोणीतरी त्याच्या मातीपाशी उभं राहावं आणि मयताची उपासना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणावी. जुने पाळक "बघू" म्हणत निवृत्त झाले. नवे तरुण होते. ते म्हणाले, "पंचांशी बोलावं लागेल." पंच म्हणजे टाइमकीपर.

टाइमकीपर वाईट माणूस नव्हते. कोणी आजारी पडलं तर दवाखान्यात आधी तेच पोचायचे. पण भोंगा वाजला की आपण फाटक कसं लावायचो, अर्ध्या मिनिटानं आलेल्यालाही आत कसं सोडायचो नाही, हे ते अभिमानानं सांगत. दार म्हटलं की त्यांना ते बंदच दिसायचं.

मी स्वर्गातलं नगर पहिल्यांदा पाहिलं ते नगर जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात, चौथीत असताना. त्यानंतर माझी शाळा सुटली. एक प्रचारक सायकलवरून यायचा. त्याच्याकडे मेणकापडावर छापलेलं गुंडाळीचं चित्र होतं. मिशनशाळेच्या तुळईला तो ते टांगायचा. चित्रात दोन रस्ते होते. रुंद रस्त्यावर दारूचं दुकान, जुगार, नाच, आणि शेवटी आग. अरुंद रस्ता चढणीचा, त्यावर तुरळक माणसं, सगळी टोपीवाली गोरी. त्या रस्त्याच्या वर अगदी कोपऱ्यात, ढगांत, अंगठ्याच्या नखाएवढं एक शहर होतं. मनोरे, घुमट, पिवळी किरणं. प्रचारक काठी लावून सांगायचा, "आपल्याला इथं जायचंय." आम्ही पोरं बघायचो ती आग. ती मोठी काढली होती आणि तिचा रंग चांगला होता.

मुलगा गेल्यावर मी पुष्कळ आठवून पाहिलं की त्या नखाएवढ्या शहराचं दार उघडं होतं की बंद. आठवलं नाही. आमच्या शेजारी एक कॅथलिक बाई होती, तिच्या घरी दर वर्षी चर्चचं कॅलेंडर असायचं. त्यावरही एकदा ते नगर आलं होतं. संगमरवरी पायऱ्या, सोन्याचे कळस, गुलाबी ढग. मी जवळ जाऊन बघितलं. त्याला दारच काढलेलं नव्हतं. पायऱ्या ढगात संपत होत्या.

तर भिंत रंगवायला पेंटर आणला तो उल्हासनगरचा. सिंधी कॅम्पातल्या दुकानांच्या पाट्या आणि शटरं रंगवणं हा त्याचा धंदा. मराठी माणूस, हिंदू, चाळिशीचा. सिंध्यांच्या बाजारात सगळं आयुष्य गेल्यामुळे बोलताना मधेच "साईं" म्हणायचा. त्यानं भिंत खरवडली, अस्तर मारलं, नीळ लावलेली दोरी ताणून सरळ रेघा उठवल्या आणि स्टुलावर बसून विडी काढली. टाइमकीपर शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून समोर बसले. तिथं विडी चालत नाही म्हटल्यावर त्यानं ती कानावर ठेवली.

"हां साहेब, सांगा. काय काय पाहिजे?"

"नगर चौरस आहे. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही सारखी."

"म्हणजे डबा."

"डबा काय म्हणता? देवाचं नगर आहे ते."

"मी मापाचं बोलतोय साहेब. राग नका मानू. रंग?"

"तट यास्फे रत्नाचा."

"हा कुठला शेड?"

टाइमकीपरनी चष्मा वर केला. "हिरवट असावा," ते म्हणाले. "आणि रस्ता सोन्याचा. पण काचेसारखा, आरपार दिसणारा."

"सोनं आरपार? मी सोनारांच्या पाट्या रंगवल्यात साहेब, असं सोनं कुठं नाही बघितलं."

"तुम्ही पिवळा मारा."

"पिवळा मारतो. सूर्य कुठल्या बाजूला घेऊ?"

"सूर्य नाही. चंद्र नाही. देऊळपण नाही."

"देऊळ नाही? देवाच्या गावात?"

"देव स्वतःच तिथं राहतो."

पेंटरनं जरा विचार केला. "बरोबर आहे," तो म्हणाला. "पण साईं, सूर्य नाही तर सावली कुठल्या बाजूला पाडायची? अक्षरांना शेड द्यावा लागतो."

टाइमकीपरना हे काही समजलं नाही. "नदी पण आहे," ते म्हणाले. "स्वच्छ पाण्याची."

"म्हणजे वालधुनी नाही," पेंटर म्हणाला, आणि झाडू हातात घेऊन उभ्या असलेल्या मलाही हसू आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा आलं असेल.

मी त्याला पाणी द्यायची, फरशीवर पडलेले रंगाचे थेंब टर्पेंटाइननं पुसायची. त्यामुळे चित्र कसं वाढत गेलं ते मी रोज पाहिलं. मधोमध सिंहासन आणि त्यातून निघालेली निळी नदी. नदीकाठी जीवनाचं झाड. त्याला वर्षभर बारा प्रकारची फळं येतात असं शास्त्रात आहे, म्हणून त्यानं एकाच झाडाला आंबा, फणस, चिकू, केळ्याचा घड, सीताफळ असं काय काय लावलं. बारावं सुचेना तेव्हा मला विचारलं.

"बदलापूरची जांभळं लाव," मी म्हटलं. त्यानं लावली.

नगराला वेशी बारा. चौरसाच्या एकेका बाजूला तीन. म्हणजे समोरून तीनच दिसायला हव्यात. पेंटरनं तसं कागदावर काढून दाखवलं. पण पंचांना बाराच्या बारा पाहिजे होत्या. एक पंच म्हणाले, "मागच्या मोजणार कोण? लोक म्हणतील नऊ खाल्ल्या." म्हणून बाराही समोरच आल्या, नदीच्या दोन्ही अंगांना सहा-सहा, एका ओळीत. प्रत्येक वेशीवर इस्राएलच्या एकेका वंशाचं नाव असतं. हे ऐकून पेंटर खूश झाला.

"नावं आहेत? मग हे तर आपलंच काम."

त्यानं प्रत्येक वेशीवर पाटी काढली. लाल जमिनीवर पांढरी अक्षरं, उजवीकडे काळा शेड. पाटीखाली दार. वेस एकेका मोत्याची असते, म्हणून त्यानं चंदेरी रंगात पांढरा मिसळला आणि आडव्या पट्ट्या मारल्या. खाली कडी, कडीला कुलूप. प्रत्येक दारापुढे एक देवदूत उभा असतो. त्याचे देवदूत पाय फाकवून, हात मागे बांधून उभे होते.

पूर्ण झाल्यावर मी लांब जाऊन बघितलं. तो कॅम्पातला बाजार होता, सुट्टीच्या दिवशीचा. बारा दुकानं, बारा पाट्या, बारा शटरं खाली ओढलेली, आणि प्रत्येकापुढे वॉचमन.

हे कोणालाच खटकलं नाही. आमच्या मंडळीतले अर्धे लोक कारखान्यात आणि अर्धे दुकानांत कामाला. दार असतं, त्याला कुलूप असतं, पुढे माणूस उभा असतो, हे सगळ्यांना सवयीचं होतं. रविवारी लोक म्हणाले, छान झालं. टाइमकीपर उपासनेनंतर चित्रासमोर उभे राहिले आणि जमलेल्यांना म्हणाले, "बघून ठेवा. वेळेत पोचायचं. नंतर कोणी कितीही ठोकलं तरी उपयोग नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं असं मी म्हणणार नाही. पण चपला घालताना एक बाई दुसरीला म्हणाली, "हिचा पोरगा बिचारा नाल्यापाशी, आणि वर पण बाहेरच." दुसरी म्हणाली, "हळू बोल ना, ती इथंच आहे." मी इथंच होते. सतरंज्या गोळा करत होते.

त्यानंतर दर सकाळी झाडू मारताना ती बारा शटरं माझ्यासमोर असायची. मयत खोलीत असताना ऐकलेला निकाल आता भिंतीवर रंगवून ठेवला होता, तोही तेलरंगात.

मी शास्त्र काढलं. माझं वाचन म्हणजे बोट लावून, एकेक शब्द सोडवत. शेवटच्या पुस्तकातली शेवटची पानं, पण त्याला मला आठ दिवस लागले. माप आलं, रत्नं आली, मोती आले. आणि मग ती ओळ आली. त्या नगराच्या वेशी दिवसा कधी लावल्या जात नाहीत, आणि रात्र तर तिथं नसतेच, असं सरळ लिहिलं होतं. मी ती चार वेळा वाचली. चुकीचं वाचलं असेल म्हणून शेजारणीच्या शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घेतली. तेच होतं.

मी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी ओळ वाचली आणि मान हलवली.

"तुमचं बरोबर आहे बाई. चित्र चुकलंय."

"मग दुरुस्त करा. आणि चित्र चुकलं तर निकालही चुकलाय."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. "पंचांशी बोलावं लागेल," ते म्हणाले.

पंचांशी बोलायचं म्हणजे आणखी तीन वर्षं. मी पेंटरचा पत्ता काढला. तो बदलापूरला एका बिल्डरचा बोर्ड रंगवत होता, सोनिवलीकडे. मी बदलापूरला उतरले आणि विचारत विचारत चालत गेले. भातखाचरांच्या कडेला बांबूंवर मोठा पत्रा उभा केला होता आणि त्याच्यापुढे शिडीवर तो होता.

पत्र्यावर तेच शहर होतं. तोच हिरवट रंग, तोच पिवळा रस्ता, उंची-रुंदी सारख्या असलेल्या इमारती. नदीच्या जागी कारंजं होतं. झाडावर एकाच जातीची पानं होती. माणूस एकही नव्हता. पत्र्यामागे खाचरं आणि एक म्हैस.

"मावशी! काय झालं, रंग उडाला?"

"दारं उघडायची आहेत."

"कुठली?"

"स्वर्गाची."

तो शिडीवरून खाली आला. मी शास्त्र बरोबर नेलं होतं. त्यानं ओळ वाचली आणि डोकं खाजवलं.

"मला कोणी सांगितलंच नाही. साहेब म्हणाले दार काढ, मी दार काढलं. आता मी उघडं शटर कधी रंगवतो का मावशी? शटर उघडलं की रंगवायला जागाच राहत नाही. दुकान उघडायच्या आधी जायचं, काम करायचं, निघायचं. वीस वर्षं मी बाजार बंदच बघितलाय." मग तो म्हणाला, "पण कधीच लावत नाहीत, तर दारं ठेवलीत कशाला?"

"मला माहीत नाही. लिहिलंय तसं सांगितलं."

"उघडं काढायचं तर आतलं दाखवावं लागतं. दुकान असलं की मी माल काढतो. आत काय आहे?"

"उजेड."

"आणि?"

"मी काय जाऊन आलेय?"

तो हसला. "उजेड काढता येत नाही मावशी. भोवतीचं काळं करायचं, मग मधलं उजेडासारखं दिसतं. तुमचा तो हिरवा तट मळवावा लागेल. साहेब बोंब मारतील."

"मारू दे."

"बाराही मला जमणार नाहीत. हे काम अर्धं पडलंय. एक करून देतो. कुठलं?"

"शेवटचं. बायकांच्या बाजूचं, कोपऱ्यातलं."

तेव्हा त्यानं विचारलं, एवढ्या उन्हात चालत आलात ते कशासाठी. मी मुलाचं सांगितलं. जेवढं इथं सांगितलंय तेवढंच, कमीच. तो बराच वेळ ब्रश चिंधीला पुसत राहिला, स्वच्छ झाला तरी.

"नाव काय होतं?" त्यानं विचारलं. मी सांगितलं.

शनिवारी दुपारी तो आला. आधी त्यानं बाराव्या दारापुढचा देवदूत टर्पेंटाइननं पुसला आणि बाजूला, भिंतीला टेकलेला असा परत काढला. मग शटरच्या जागी पांढरा, त्यात थोडा पिवळा. भोवतीच्या तटावर काळपट हिरवा, दारापासून लांब जाईल तसा फिका. कुलूप आणि कडी गेली. मी मागे सरकून बघितलं तर खरंच आतून उजेड येतोय असं वाटलं. त्या एका दारामुळे बाकीची अकरा जास्तच बंद दिसायला लागली.

टाइमकीपर रविवारच्या तयारीला आले आणि दारातच थांबले.

"हे कोणी सांगितलं?"

पेंटरनं ब्रशानं माझ्याकडे दाखवलं.

"बाई, तुम्ही राहता कुठं, याचा विचार केलात का?"

"केला."

शास्त्र मी व्यासपीठावर उघडून ठेवलं होतं, ओळीवर दोरा टाकून. मी म्हटलं, "साहेब, मला वाचायला वेळ लागतो. तुम्ही वाचा."

त्यांचा आवाज चांगला होता. मंडळीत शास्त्र वाचायचा मान त्यांचाच असे. ते वाचायला लागले आणि वेशी दिवसा लावत नाहीत इथं थांबले.

"हे दिवसाचं झालं," ते म्हणाले. "रात्रीची गोष्ट वेगळी."

"पुढचं वाचा."

पुढचं त्यांनी मनात वाचलं. मोठ्यानं वाचलं नाही. ओठ हलताना मला दिसले.

पेंटर शिडीवरून म्हणाला, "मग साहेब, वॉचमनला पण काही काम नाही म्हणायचं."

त्याला काठीनं हाणावं असं मला वाटलं. टाइमकीपरनी पुस्तक मिटलं, दोरा आतच राहिला.

"चित्र राहू द्या," ते म्हणाले. "चित्र म्हणजे चित्र. कबरस्तानाचा नियम वेगळा आहे."

खोली त्यांनी काढून घेतली नाही. पण पुढच्या शनिवारी मी झाडायला गेले तर गीतांच्या पुस्तकांचं लोखंडी कपाट खिडकीजवळून हलवून बाराव्या वेशीसमोर उभं केलेलं होतं. विचारलं तर एक पंच म्हणाले, "खिडकीतून पाणी येतं, पुस्तकं भिजतात." पावसाला अजून पाच महिने होते.

मी कपाट सारायला लागले. एकदम नाही. दर शनिवारी चार बोटं. पुस्तकांनी भरलेलं कपाट, मी एकटी. आधी पाठ लावायची, मग पाय भिंतीला रेटायचे. फरशीवर चरे उठत, त्यांवर मी ओलं फडकं फिरवत असे. महिन्यात उजेडाची एक चीर दिसायला लागली. मग एका शनिवारी कपाट परत पहिल्या जागी. कोणी सारलं ते मला माहीत होतं. मी पुन्हा सुरुवात केली. ते पुन्हा सारलं गेलं. आम्ही दोघं याबद्दल एकमेकांशी चकार शब्द बोललो नाही. रविवारी टाइमकीपर "जय ख्रिस्त बाई" म्हणायचे, मी "जय ख्रिस्त साहेब" म्हणायची.

तिसऱ्या खेपेला, मे महिन्यात, मी कपाटाला पाठ लावून रेटत होते आणि पाळकसाहेब उपदेशाचे कागद घ्यायला आले.

"काय करताय?"

"झाडतेय."

"कपाट झाडताय?"

मला दम लागला होता. त्यांनी फरशीवरचे चरे बघितले, पार कोपऱ्यापासूनचे, एकावर एक उठलेले. पिशवी खाली ठेवली, बाह्या वर केल्या आणि माझ्या शेजारी खांदा लावला. एका दमात कपाट खिडकीपर्यंत गेलं. आवाज एवढा झाला की शेजारची माणसं बघायला आली. पाळकसाहेबांनी हात झटकले आणि बारावी वेस पूर्ण उघडी झालेली थोडा वेळ बघितली.

"तुमच्या मुलाचं वय काय होतं?"

"सव्वीस."

"मी एकतीस," ते म्हणाले. याचा काय संबंध ते मला तेव्हा कळलं नाही; मुलगा असता तर साधारण त्यांच्याच वयाचा असता, हे नंतर लक्षात आलं. मग त्यांनी खुंटीवरचा झगा घेतला, काळं पुस्तक घेतलं आणि म्हणाले, "चला."

भर उन्हात आम्ही दोघं कबरस्तानात गेलो. खूण काही नव्हतीच. नळापासून बावीस पावलं, मग नाल्याकडे सहा, हे माझं पाठ होतं. तिथं गवत वाळलेलं होतं आणि नाल्याचा वास येत होता. त्यांनी झगा चढवला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पेटी पुढ्यात असल्यासारखं म्हटलं, एकही भाग गाळला नाही. माती टाकायची तिथं वाकून माती घेतली. ती इतकी कडक होती की खरवडावी लागली. मंडळीनं जिथं "आमेन" म्हणायचं तिथं मी एकटीनं म्हटलं. मी रडले नाही. माझं सगळं लक्ष ते काही सोडत तर नाहीत ना, इकडे होतं.

वर्षभरानं त्यांची बदली झाली. यामुळेच झाली असं काही लोक म्हणत, मला नक्की माहीत नाही. टाइमकीपरना सगळं कळलं होतं, पण ते मला काही बोलले नाहीत. "जय ख्रिस्त" मात्र बंद झालं. कपाट पुन्हा हललं नाही. मुलगा मेला तो मेलाच. त्या उपासनेनं मला बरं वाटलं का, असं एकदा त्याच कॅथलिक बाईनं विचारलं. मी म्हटलं, व्हायची होती ती झाली.

क्रूस लावायला परवानगी शेवटपर्यंत मिळाली नाही. पेंटरला ते कुठूनतरी कळलं. एके दिवशी तो कागदात गुंडाळलेली पत्र्याची पाटी घेऊन आला.

"क्रूसाला बंदी आहे ना? पाटीला कुठं आहे?"

लाल जमीन, पांढरी अक्षरं, उजवीकडे काळा शेड. मुलाचं नाव, आडनावासकट, किराणा दुकानावर लिहितात तसं. मी उलटी करून बघितली.

"पत्रा जुन्या बोर्डाचा आहे मावशी," तो म्हणाला. "सोनिवलीच्या. ती बाजू नाल्याकडे करा, कोणी बघत नाही."

आम्ही ती लोखंडी सळईला बांधून रोवली.

पुढे प्रार्थनाघर पाडून नवीन बांधलं. त्या भिंतीबरोबर ते नगर गेलं, बारा पाट्या, जांभळं, सगळंच. पाटी तेवढी राहिली. नाव रस्त्याच्या बाजूला होतं, तिकडून पाऊस लागतो, म्हणून ते आधी गेलं. आता तिथं नुसता गंज आहे, शेडच्या एक-दोन काळ्या रेघा दिसतात. मागची बाजू शाबूत आहे. हिरव्या इमारती, पिवळा रस्ता, कारंजं. गवत कापायला जाते तेव्हा मला तीच दिसते.